घरपट्टीसाठी टिपलेले न्यूयॉर्क

नमस्कार. आज आपण एका शहराच्या सात लाखांहून अधिक छायाचित्रांबद्दल बोलणार आहोत. ती सगळी दाखवण्याचा माझा विचार नाही, कारण एका चित्राला एक सेकंद दिला तरी हा व्हिडिओ आठ दिवस आणि आठ रात्री चालू ठेवावा लागेल. शहर आहे न्यूयॉर्क, काळ आहे १९३९ ते १९४१, आणि ही चित्रे काढून घेणारे खाते आहे महापालिकेचे कर खाते. आपल्या भाषेत सांगायचे, तर ही घरपट्टीची छायाचित्रे आहेत.

[पडद्यावर: जुन्या विटांच्या इमारतीसमोर क्रमांकाचा फळा धरून उभा असलेला माणूस]

घरपट्टी आकारायची, तर आधी इमारतीची किंमत ठरवावी लागते. इमारत किती मजली आहे, विटांची आहे की लाकडी, खाली दुकान आहे की नाही, हे अधिकारी जागेवर जाऊन वहीत लिहून आणत. त्या वहीला छायाचित्राची जोड दिली, तर कचेरीत बसलेल्या माणसालाही मालमत्ता डोळ्यांसमोर दिसेल आणि शेजारच्या दोन सारख्या इमारतींवर वेगवेगळा कर बसणार नाही, असा यामागचा सरळ हिशेब होता. मनुष्यबळाची अडचण महामंदीने परस्पर सोडवली. बेरोजगारांना काम देण्यासाठी रूझवेल्ट सरकारने १९३५ साली ‘डब्ल्यूपीए’ नावाची मोठी योजना सुरू केली होती. तिच्यातली माणसे छोटे कॅमेरे आणि ३५ मिलिमीटरची कृष्णधवल फिल्म घेऊन मॅनहॅटन, ब्राँक्स, ब्रुकलिन, क्वीन्स आणि स्टॅटन आयलंड या पाचही विभागांत इमारतीमागून इमारत टिपत फिरली.

आता त्या फळ्याकडे पाहा. त्यावरचे आकडे म्हणजे ब्लॉक आणि लॉट. चार रस्त्यांनी वेढलेला तुकडा म्हणजे ब्लॉक, आणि त्यातला एकेक भूखंड म्हणजे लॉट. आपल्याकडे सिटी सर्व्हे क्रमांकाचे जे काम, तेच तिथे या जोडक्रमांकाचे. इमारत पडली, रस्त्याचे नाव बदलले, दुकान चार वेळा विकले गेले, तरी कागदोपत्री जागेची ओळख या क्रमांकावर टिकते, आणि लॉट पुढे एकत्र केले गेले नसतील तर आज ८० हून अधिक वर्षांनंतरही त्याच आकड्यांनी ते चित्र सापडते. महापालिकेच्या अभिलेखागाराने २०१८ साली ही चित्रे इंटरनेटवर खुली केली, तेव्हा शोधण्याची मुख्य किल्ली हीच होती.

याच शहराची याच दशकातली, याहून कितीतरी सुंदर छायाचित्रे उपलब्ध आहेत. बेरेनिस अॅबट या छायाचित्रकर्तीने १९३५ ते १९३९ या काळात न्यूयॉर्कची सुमारे तीनशे चित्रे काढली. तो पैसाही डब्ल्यूपीएच्याच कलाविभागातून येत होता. तिचा कॅमेरा मोठा होता, फिल्म आठ बाय दहा इंचांची होती, आणि कोणत्या कोपऱ्यावर किती वाजता ऊन कसे पडेल याचा विचार करून ती उभी राहत असे. त्या चित्रांबद्दल मला पूर्ण आदर आहे. परंतु तिने तीनशे जागा निवडल्या, याचा अर्थ उरलेले सगळे शहर तिने सोडून दिले, आणि ते तिने योग्यच केले. घरपट्टीच्या कारकुनाला मात्र निवडीची मुभाच नव्हती. पाव विकणाऱ्याचे दुकान, टायरची वखार, मोडकळीला आलेले लाकडी घर आणि एम्पायर स्टेट बिल्डिंग, सगळ्यांना क्रमांक होता, म्हणून सगळ्यांचे चित्र निघाले. फोटो वाकडा आला, मध्येच ट्रक आडवा आला, फळा धरणाऱ्याचे डोके अर्धे कापले गेले, तरी चालत होते. या बेपर्वाईवर मी जितका विश्वास ठेवतो, तितका कोणत्याही कलावंताच्या नजरेवर ठेवत नाही.

योगायोग असा, की नेमक्या याच काळात, १९३९ आणि १९४० साली, क्वीन्समध्ये जागतिक प्रदर्शन भरले होते. जनरल मोटर्सच्या दालनात १९६० सालच्या कल्पित अमेरिकेची प्रचंड प्रतिकृती होती, आणि रुंद महामार्ग व काचेचे मनोरे पाहायला लोक लांबच लांब रांगा लावत होते. उद्याच्या शहरासाठी रांग लागलेली असताना आजच्या शहराचा पंचनामा शेजारच्याच गल्ल्यांमधून चालू होता.

[पडद्यावर: लोअर ईस्ट साइडमधील टेनेमेंट इमारतींची रांग]

मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागात शिरलात, की तुम्हाला अरुंद, पाच-सहा मजली, विटांच्या इमारतींची सलग भिंत दिसेल. रस्त्याकडची रुंदी साधारण २५ फूट, दर्शनी भिंतीवर आगीच्या वेळी उतरण्यासाठीचे लोखंडी जिने, तळमजल्यावर दुकाने. या टेनेमेंट, म्हणजे भाड्याच्या खोल्यांच्या इमारती. १८७९ च्या कायद्याने प्रत्येक खोलीला खिडकी हवी असे म्हटले, तेव्हा बांधकाम करणाऱ्यांनी दोन इमारतींच्या मध्ये हवेसाठी एक अरुंद बोळ ठेवला आणि त्या बोळात खिडक्या उघडून कायदा पाळला. नकाशात इमारत मध्येच बारीक दिसते, म्हणून तिला डंबेल म्हणत. १९०१ च्या कायद्याने हा प्रकार बंद केला, इमारतीच्या आत मोठे मोकळे चौक आणि नव्या घरांमध्ये प्रत्येकी स्वतंत्र शौचकूप सक्तीचे केले. गिरगावातल्या चाळीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना सामायिक शौचकूप या शब्दांतली सकाळची रांग समजावून सांगावी लागत नाही.

आता चित्रात थोडे वर पाहा. काही इमारतींच्या खाली दुकान गजबजलेले आहे, कांद्याच्या गोणी बाहेर मांडल्या आहेत, आणि दुसऱ्या मजल्यापासून वर मात्र सगळ्या खिडक्या पत्रे किंवा फळ्या ठोकून बंद आहेत. हे पाहून इमारत ओसाड झाली, असा समज होतो. खरे कारण कायद्यात आहे. १९२९ चा बहुकुटुंब निवास कायदा आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांनी जुन्या इमारतींमध्ये आगीपासून संरक्षणाची कामे करणे मालकांवर बंधनकारक केले. मंदीत त्या खोल्यांचे भाडे इतके कमी येत होते, की खर्च करण्यापेक्षा भाडेकरूंना बाहेर काढून वरचे मजले बंद करणे आणि खालच्या दुकानांच्या भाड्यावर भागवणे अनेक मालकांना परवडत होते. ऑर्चर्ड स्ट्रीटवरची ९७ क्रमांकाची इमारत हे याचे ठळक उदाहरण आहे. १८६३ साली बांधलेल्या त्या इमारतीत सुमारे ७,००० माणसे राहून गेली असावीत असा अंदाज आहे. १९३५ साली वरची घरे रिकामी झाली, दुकाने चालू राहिली, आणि १९८८ मध्ये संग्रहालयासाठी जागा शोधणाऱ्यांना ती घरे जशीच्या तशी मिळाली. भिंतींवरच्या रंगीत कागदांचे थरसुद्धा टिकले होते. घरपट्टीवाले त्या रस्त्यावरून गेले, तेव्हा वरती पन्नास वर्षांच्या बंदिवासाची नुकती सुरुवात झालेली होती.

मोठ्या रस्त्यांच्या मोक्याच्या कोपऱ्यांवर तुम्हाला आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसेल: दोन्ही बाजूंना उंच इमारती आणि मध्ये एक बसकी, एकमजली, चार-पाच दुकानांची ओळ. न्यूयॉर्कमध्ये अशा इमारतीला ‘टॅक्सपेयर’, म्हणजे करदाता, असेच नाव होते. जागा महागडी, पण मोठे बांधकाम करण्याजोगा काळ नाही. तोपर्यंत निदान कर भरण्यापुरते भाडे सुटावे म्हणून उभारलेली ही तात्पुरती इमारत. काहींनी तर करपात्र किंमत कमी व्हावी म्हणून चांगल्या उंच इमारती पाडून तिथे ही बसकी दुकाने बांधली. कर खात्याने कर भरण्यासाठीच बांधलेल्या इमारतीचे करासाठी चित्र काढले, यातला विनोद त्या कारकुनाच्या लक्षात आला असेल का, असे मला उगाचच वाटत राहते.

दुकानांच्या पाट्या हा या संग्रहातला सर्वांत रसाळ भाग आहे. पाटीच्या मधोमध दुकानदाराचे नाव आणि दोन्ही टोकांना एखाद्या थंड पेयाची लाल गोल जाहिरात दिसली, तर ती पाटी बहुधा कंपनीने पदरच्या पैशाने लावून दिलेली असते. आपल्याकडची किराणा दुकाने आणि मेडिकल स्टोअरही आज याच तऱ्हेने पाट्या मिळवतात. कुठे पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंच्या यिडिश भाषेतली अक्षरे आहेत, कुठे इटालियन, कुठे चिनी. मॅनहॅटनच्या कोर्टलँड स्ट्रीटवर रेडिओ आणि त्याचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांची अख्खी पेठ होती, तिला ‘रेडिओ रो’ म्हणत. १९६६ पासून ती पाडण्यात आली आणि त्या जागी वर्ल्ड ट्रेड सेंटर उभे राहिले. त्या ठिकाणाच्या विध्वंसाची चित्रे जगाने पाहिली आहेत. त्याच मातीवर आधी व्हॅक्यूम ट्यूब, म्हणजे जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या, विकणारी शेकडो दुकाने होती, हे घरपट्टीच्या चित्रांमध्ये पाटीगणिक वाचता येते. हातगाड्या मात्र तुलनेने कमी दिसतील, कारण महापौर ला गार्डिया यांनी फेरीवाल्यांना रस्त्यावरून उठवून बंदिस्त मंडयांमध्ये नेण्याचा सपाटा लावला होता, आणि एसेक्स स्ट्रीटची मंडई १९४० मध्येच सुरू झाली.

काही चित्रांमध्ये इमारतीऐवजी लोखंडी खांबच जास्त दिसतात. ते रस्त्यावरून उंचावर धावणाऱ्या रेल्वेचे खांब आहेत. सहाव्या अॅव्हेन्यूची गाडी १९३८ च्या डिसेंबरात बंद झाली, नवव्या अॅव्हेन्यूच्या मार्गाचा बहुतांश भाग १९४० मध्ये बंद झाला, तिसऱ्या अॅव्हेन्यूची मॅनहॅटनमध्ये १९५५ पर्यंत चालली. चित्राचा नेमका महिना ठरवायचा असेल, तर असलेच पुरावे शोधावे लागतात. काचेवर राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार रूझवेल्ट किंवा विल्की यांचे प्रचारपत्रक चिकटवलेले असेल, तर १९४० च्या निवडणुकीचा हंगाम समजावा.

[पडद्यावर: ब्रुकलिनच्या नकाशावर हिरवे, निळे, पिवळे आणि लाल पट्टे]

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला, तिकडे येतो. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्र सरकारच्या गृहकर्ज संस्थेने अमेरिकेतल्या मोठ्या शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा भाग उत्तम, निळा चांगला, पिवळा उतरणीला लागलेला, आणि लाल म्हणजे कर्जासाठी धोक्याचा. वस्तीत कृष्णवर्णीय किंवा नव्याने आलेले स्थलांतरित राहतात, हेही जोखमीचे कारण म्हणून नोंदले जात असे. ब्रुकलिनमधला बेडफर्ड-स्टायव्हेसंट हा भाग लाल झाला. त्या नकाशासोबतचा तपशील वाचताना पडकी, कुजकी घरे नजरेसमोर येतात. मग तुम्ही तिथल्या एखाद्या ब्लॉकचा क्रमांक टाकून घरपट्टीची चित्रे उघडता आणि समोर येतात तपकिरी दगडाची, उंच पायऱ्यांची, कोरीव चौकटींची देखणी घरे, ओळीने उभी. काही घरांची डागडुजी राहिली आहे हे खरे, पण आज तीच घरे लाखो डॉलरला विकली जातात. एकाच काळातल्या दोन सरकारी नोंदी एकमेकींना खोटे पाडतात, आणि त्यांतली खरी ठरते ती कोणतेही मत न देणारी नोंद.

जिथे घरे उरलीच नाहीत, तिथे या चित्रांना वेगळे वजन येते. मॅनहॅटनच्या पूर्व किनाऱ्याजवळ, गॅसच्या प्रचंड टाक्यांवरून नाव पडलेला गॅस हाऊस डिस्ट्रिक्ट होता. मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीच्या स्टायव्हेसंट टाउन वसाहतीसाठी तिथले १८ ब्लॉक साफ करण्यात आले आणि सुमारे ११,००० रहिवाशांना बाहेर पडावे लागले. १९४७ साली नवी वसाहत राहती झाली, तेव्हा तिच्यात कृष्णवर्णीय भाडेकरूंना प्रवेश नव्हता. जुन्या वस्तीला गलिच्छ म्हणणारे अहवाल आहेत. तिथल्या घराघराचा चेहरा पाहायचा, तर घरपट्टीचीच चित्रे उघडावी लागतात.

अर्थात चेहरा म्हणजे केवळ दर्शनी भिंत. डंबेल इमारतीतला तो कोंदट बोळ रस्त्यावरून दिसत नाही, मागचे अंगण दिसत नाही, आणि आत कोण राहते हे तर कर खात्याला नकोच होते, कारण कर मालकाने भरायचा असतो. ही उणीव १९४० ची जनगणना भरून काढते. कायद्यानुसार ७२ वर्षे गुप्त राहून ती २०१२ मध्ये खुली झाली. तिच्यात पत्त्यानुसार कुटुंबातल्या प्रत्येकाचे नाव, वय, जन्मस्थान, व्यवसाय, वेतन आणि घराचे मासिक भाडेही मिळते. त्याच वर्षी घरांचीही स्वतंत्र मोजणी झाली होती, परंतु तिचे मूळ अर्ज जपले गेले नाहीत. आधी घरपट्टीचे चित्र उघडायचे, मग त्याच पत्त्याचे जनगणनेचे पान काढायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या पडदा लावलेल्या खिडकीला आडनाव मिळते.

मराठी प्रेक्षकांनी सुरुवात कुठून करावी, असे विचाराल, तर मी मॅनहॅटनमधल्या, कोलंबिया विद्यापीठाच्या परिसरातल्या मॉर्निंगसाइड हाइट्सचे नाव घेईन. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते आणि लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना यांच्यासोबत राहत होते. छायाचित्रे त्यानंतर पाव शतकाने काढलेली आहेत, पण त्या भागातल्या बऱ्याच निवासी इमारती १९०४ साली भुयारी रेल्वे आल्यानंतरच्या दशकात उभ्या राहिलेल्या असल्याने, आंबेडकरांनी रोज पाहिलेल्या भिंती तुम्हाला बहुतांशी तशाच दिसतील.

[पडद्यावर: डावीकडे १९४० ची कृष्णधवल इमारत, उजवीकडे त्याच क्रमांकाची रंगीत चौकट]

१९८० च्या दशकात शहराने हेच काम पुन्हा केले, या वेळी रंगीत फिल्मवर. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून मी एकदा दक्षिण ब्राँक्सचे ब्लॉक पाहत बसलो होतो. डावीकडे पाच मजली इमारत, खाली न्हाव्याचे दुकान, पायरीवर दोन मुले. उजवीकडे गवत, विटांचा ढिगारा आणि मागच्या रस्त्यावरच्या इमारतीची उघडी पडलेली बाजू. मधल्या वर्षांत त्या भागात आगी लागल्या होत्या आणि मालकांनी इमारती सोडून दिल्या होत्या. मोकळ्या जमिनीलाही क्रमांक असतो आणि तिच्यावरही कर लागतो, म्हणून कॅमेरा घेतलेला माणूस तिथेही थांबला होता.