दम आधी येतो, पाय मागून

[दृश्य : अंबाजोगाई, डिसेंबरची पहाट. मुकुंदराजांच्या समाधीकडे जाणारा रस्ता. एक बाई संथ लयीत धावत येते. मागे मोटारसायकलचा दिवा.]

४२ किलोमीटर १९५ मीटर. मॅरेथॉनचं हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा धावलं गेलं आणि १९२१ पासून जगभर तेच कायम झालं. अंबाजोगाईच्या या रस्त्यावर दिसतेय ती माझी थोरली बहीण. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईत ती हे अंतर धावणार आहे. आयुष्यात पहिल्यांदा.

ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. कॉलेजात असताना पंधराशे मीटर धावायची, विद्यापीठाच्या स्पर्धांना जायची. मग नोकरी, लग्न, दोन लेकरं, सासूबाईंचं लांबलेलं आजारपण. धावणं कधी सुटलं, याची घरात कुणी नोंदही घेतली नाही. चाळिशी ओलांडल्यावर तिनं नवे बूट आणले आणि योगेश्वरी कॉलेजच्या मैदानावर जायला लागली. आधी नुसतं चालणं. मग एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं.

[दृश्य : मैदान. पायांचा जवळून शॉट. टाच, पोटरी, नडगी.]

खंडानंतर परत धावायला लागलेल्या माणसाचा घात त्याचा दमच करतो. ही गोष्ट मला नीट सांगायची आहे, कारण यातच कितीतरी जण मैदान कायमचं सोडून देतात.

नियमित सराव सुरू झाला की थोड्याच आठवड्यांत रक्तातला द्रवभाग वाढतो. हृदय एका ठोक्याला जास्त रक्त पुढं ढकलतं. धाप कमी लागते. पूर्वी खेळलेल्या माणसाला तर वाटतं, आलं सगळं परत. पण स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरांना रक्तपुरवठाच कमी. त्यांना घट्ट व्हायला महिने लागतात. हाडाचं त्याहून अवघड. नवा भार पडला की शरीर आधी हाडाचा जुना भाग पोखरून काढतं आणि मग तिथं नवा भरतं. मधल्या काळात ते हाड पूर्वीपेक्षा कच्चं असतं. नेमक्या याच काळात छाती म्हणत असते, अजून चार किलोमीटर सहज जाशील.

ताईची नडगी अशीच दुखायला लागली. आमच्याकडे असलं दुखणं तेल चोळून दाबायची रीत आहे. ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी सांगितलेली खूण प्रत्येक धावणाऱ्यानं लक्षात ठेवावी. दुखणं नडगीच्या काठानं लांबवर पसरलेलं असेल, तर ते बहुधा अति ताणाचं, विश्रांतीनं बरं होणारं. पण एका बोटाखाली मावेल एवढ्याच जागी हाड दुखत असेल, तर तिथं केसाएवढी भेग असू शकते. तेव्हा पळायचं नाही, तपासून घ्यायचं. ताईचं पसरलेलं निघालं. तरी तिनं पळणं थांबवलं, पायरीच्या कडेला उभं राहून टाचा उचलायचा व्यायाम धरला आणि तो आजही सोडलेला नाही. भाजी शिजेपर्यंत ओट्यापाशी उभ्या उभ्या तिचं तेच चाललेलं असतं.

मॅरेथॉनचा विचार त्यानंतर बऱ्याच काळानं आला. अर्धमॅरेथॉन नीट पार पडली तेव्हा.

[दृश्य : पांदण रस्ता. दोन्ही बाजूंना हरभरा, ज्वारी. मग डांबरी रस्ता, उसाच्या डबल ट्रॉल्या.]

मराठवाड्यात सराव ऋतू बघूनच करावा लागतो. मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, मग सूर्य उगवायच्या आत घरी परतायचं. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बुटाला धरून बसतो, पांदणीनं पाऊलही उचलत नाही. दिवाळीनंतर त्याच पांदणी वाळतात आणि गुडघ्यांना डांबरापेक्षा बऱ्या पडतात. पण तेव्हाच कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या अंधारात अचानक समोर येतात. म्हणून अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट, धावणं उजव्या कडेनं, समोरची गाडी दिसेल असं. आणि मागे दाजी, गाडीवर. "कुठं निघालाव मॅडम, एवढ्या पहाटं?" असं विचारणारे आता हात करतात.

[दृश्य : बीड जिल्ह्याचा नकाशा. आष्टी तालुका, मांडवा.]

याच जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. लहानपणी शाळेला पायी-पळत जाणारा, सैन्यात गेल्यावर शर्यतींकडे वळलेला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीत, केनियाच्या धावपटूंमध्ये घुसून त्यानं रौप्य आणलं. ताईच्या वर्गात त्याचा फोटो आहे. ती मुलांना सांगते, हा आपल्याच रानातला.

[दृश्य : स्वयंपाकघर. गूळ, शेंगदाणे, केळी, भात.]

आता खाण्याचं. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर बहुतेकांना तीसेक किलोमीटरपर्यंतच पुरते. त्यानंतर पाय शिशाचे होतात. म्हणून धावता धावता खावं लागतं, ताशी तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं. एका मध्यम केळ्यात साधारण पंचवीस ग्रॅम. ताई केळं आणि गुळाचे खडे घेते, आणि लांब पल्ल्याच्या प्रत्येक रविवारी तेच घेऊन पोटाला सवय लावते. शर्यतीच्या दिवशी नवं काहीच खायचं नाही. आदल्या रात्री मात्र ज्वारीची भाकरी बंद. भाकरीतला चोथा पहाटे पोटात गडबड करतो. त्या रात्री वरणभात. भाकरीशिवाय जेवण म्हणजे तिला उपासच वाटतो, तरी तिनं हे मान्य केलंय.

खरी काळजी हवेची आहे. आपल्या कोरड्या हवेत घाम आला की उडतो आणि अंग गार करतो. कपाळावर नुसती मिठाची पांढरी रेघ राहते. मुंबईच्या दमट हवेत तो उडत नाही, ओघळतो, आणि अंगातली उष्णता अंगातच राहते. इथला वेग तिथं टिकत नाही. म्हणून ताई लांब धावण्याआधी आणि नंतर वजन करते. किलोभर घटलं, तर जवळपास लिटरभर पाणी गेलं. तेवढं भरून काढायचं, पण नुसतं पाणी ढोसत राहायचं नाही. अति पाण्यानं रक्तातलं मीठ पातळ होतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. पाण्यात मीठ, साखर, लिंबू.

[दृश्य : लातूर स्टेशन, रात्र. मुंबईची गाडी.]

शेवटचे तीन आठवडे अंतर कमी करत आणायचं. हे ताईला सगळ्यात जड जातंय. पाय शिवशिवतात, आणि वाटतं, केलेलं सगळं वाया जाईल. जात नाही. या दिवसांत शरीर आतली डागडुजी करतं.

लातूर–मुंबई एक्स्प्रेस जिथं थांबते त्या सीएसएमटीपासूनच शर्यत सुटते. छातीवर लावायचा नंबर आधी स्वतः जाऊन घ्यावा लागतो, म्हणून दोन दिवस अगोदर निघायचं. पहिले दहा किलोमीटर शेजारच्या बाईशी गप्पा मारता येतील एवढ्याच वेगानं. परतीच्या वाटेवर, तीस किलोमीटर ओलांडल्यावर, पेडर रोडचा चढ लागतो. तो ताई चालत चढणार आहे. दाजींना तिनं आत्ताच बजावून ठेवलंय, तिथं उभं राहून "पळ, पळ" म्हणून ओरडायचं नाही. हातात मीठ-लिंबाच्या पाण्याची बाटली धरायची, आणि ती दिसली की पुढं करायची.