मधलं नाव

नमस्कार मंडळी.

मघाशी दारात प्रत्येकाने छातीवर नावाची पट्टी लावून घेतली. मी नागपूरचा, त्यामुळे आडनावं वाचताना मन सारखं तिकडेच धावत होतं. एका पट्टीवर ‘चिटणवीस’ दिसलं आणि मी थेट नागपूरच्या जुन्या महाल भागात पोचलो. फारसीतलं ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. पत्रव्यवहार लिहिणारा तो चिटणवीस, फारसी कागद पाहणारा तो पारसनीस. 1853 मध्ये नागपूरचे राजे तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले, इंग्रजांनी राज्य खालसा केलं, दरबार उठला. हुद्दे आडनावांत राहून गेले.

चंद्रपूरकडे गेलं की आडनावांना ‘वार’ लागतो. मुख्यमंत्री झालेले मारोतराव कन्नमवार तिकडचेच. तेलुगूत घराण्याच्या नावाला ‘वारु’ जोडतात, म्हणजे त्या घरचे. आणि ज्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, नागपूर वसवलं, त्याच्या समाजातली उईके, मडावी, आत्राम ही आडनावं म्हणजे गोत्रंच. या गोत्रांचे गट देवांच्या संख्येवरून पडतात, म्हणून ‘तुमचे देव किती?’ हे विचारल्याशिवाय सोयरीक पुढे सरकत नाही.

पण मला आज बोलायचंय ते मधल्या नावाबद्दल.

आमच्या शाळेत गुरुजी पूर्ण नावाने हजेरी घ्यायचे. राहुल कचरू. सिद्धार्थ दगडू. सुजाता धोंडबा. एकदा आजीला विचारलं, कचरू असं नाव काहून ठेवत असतील? ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘पहिले दोन पोट्टे जगले नसन रे. असं नाव ठेवलं का मंग यम ढुंकून पायत नाई.’

आजीचं खरं होतं, पण तेवढंच नव्हतं. दलितांच्या कित्येक घरांत बरं नाव ठेवलेलं गावालाच खपत नसे. मग 14 ऑक्टोबर 1956 उजाडला. नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली, आणि त्यानंतरच्या पाळण्यांत गौतम, यशोधरा, संघमित्रा आले. राहुल हे तर बुद्धाच्या मुलाचं नाव. ज्याला जन्मभर कचरू म्हणून हाक मारली गेली, त्याच्याच बहिणीने, आत्या म्हणून, बाळाच्या कानात ‘राहुल’ म्हटलं. गुरुजींच्या हजेरीत ते सगळं दोन शब्दांत होतं, आणि आम्हा पोरांना त्याचा पत्ताही नव्हता.

महाराष्ट्राबाहेर, इथल्या अर्जांवर मधल्या नावाचा रकाना भरलाच पाहिजे असं नसतं. आपण तिथे एक अक्षर लिहितो, मुलांच्या वेळी तेही लिहीत नाही. मला ते फार लागतं. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर वडिलांच्या नावाआधी आईचं नाव येतं. तिकडे मधली जागा वाढलीय, आणि इकडे आपण ती कोरी सोडतोय.

जेवताना मी प्रत्येकाजवळ येणार आहे. पट्टीवरची दोन नावं मी वाचलीत. मधलं तेवढं तोंडी सांगा, आणि ते कुणी ठेवलं होतं, तेही.