हौदाचं पाणी कुणाच्या घागरीत पडलं?

मंडळी, नमस्कार. समोर पेठेतलीच माणसं बसली आहेत, तेव्हा प्रस्तावना करत नाही.

आपल्या गल्लीच्या तोंडाशी जो दगडी हौद आहे, त्याच्या कडेवरून एकदा बोटं फिरवून बघा. दगडात खाचा आहेत. त्या दोराच्या. पोहरा आत सोडायचा, वर ओढायचा, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं आणि दगड झिजला. आता हौदावर पत्रे आहेत, शेजारी दुचाक्या लागतात. खाचा कशाच्या, हे विचारलं तर तरुण पोरं भिंतीकडे बघतात.

कागदावर माहिती आहे. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून घेतला आणि तिथून जमिनीखालून नळ पुणे शहरात आणला. नळ म्हणजे आजचा पाइप नव्हे, माणूस आत शिरू शकेल असा बांधीव बोगदा. कात्रज उंचावर, शहर सखल. पाणी नुसत्या उतारानं यायचं. हवा खेळावी आणि आत उतरून गाळ काढता यावा म्हणून वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे वर उघडणारी उभी भुयारं, ठेवले होते. शनिवारवाड्याला पाणी मिळालं, पेठांतल्या हौदांना मिळालं. पुढे नाना फडणवीसांनी, सरदार रास्त्यांनी आपापले वेगळे नळ आणले. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, पंचहौद ही नावं तर आपण अजून रिक्षावाल्याला सांगतो.

पाणी कुठून आलं ते कागद सांगतो. ते कुणाच्या घागरीत पडलं, ते सांगत नाही. त्यासाठीच मी गेले काही महिने तुमच्या दारात येतो आहे.

सुरुवातीला माझं चुकलं. एका आजोबांना मी विचारलं, "हौदाचा इतिहास सांगा." ते उठले, फडताळातून पुस्तक काढलं आणि मला वाचून दाखवायला लागले. अर्धा तास मी ते ध्वनिमुद्रित करत बसलो. दरवाजात त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. निघताना सहज त्यांना विचारलं, "आजी, पाणी भरायला कोण जायचं?" त्यांचा डावा हात आपोआप कमरेवर गेला, घागर धरल्यासारखा. मग त्या बोलू लागल्या. पहाटे चारला उठणं, पायरीवरचं शेवाळ, सासूबाईंचा सोवळ्यातला हंडा वेगळा आणि वापरायचा वेगळा, हौदावर ऐकलेल्या माहेरच्या बातम्या. पुस्तकात यातलं एक अक्षर नव्हतं.

त्यांनीच १२ जुलै १९६१ सांगितला. पानशेत धरण फुटलं, त्याच दिवशी खडकवासला धरणही फुटलं. पुराच्या गोष्टी आपण सगळे सांगतो, पाणी कुठवर चढलं ते. आजींनी पाणी ओसरल्यानंतरचं सांगितलं. घरात चिखल आणि नळ कोरडा. माळ्यावर टाकलेला दोर शोधून काढला आणि बायका पुन्हा हौदावर गेल्या. "बुडालो पाण्यात आणि प्यायला पाणी नाही," असं म्हणून त्या थोडा वेळ गप्प बसल्या. ती शांतताही मी कापलेली नाही.

आता जे सांगायचं आहे ते अवघड आहे, पण इथेच सांगायला हवं. पहिले दोन महिने मी हौदाला लागून असलेल्या वाड्यांतच फिरलो. सगळ्यांनी सांगितलं, "हौद सगळ्यांचा होता." मग चार गल्ल्या पलीकडे गेलो. तिथले एक काका म्हणाले, "माझी आजी सांगायची, ती हौदाच्या लांब उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून ओतायचे." महात्मा फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तो १८६८ मध्ये. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले असावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला १९२३ मध्ये. ठरावाची तारीख दप्तरात सापडते. आपल्या या हौदाच्या कडेला त्या बाईची घागर पहिल्यांदा कधी टेकली, की टेकलीच नाही, हे सांगणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत. त्यांच्याकडे आधी जायला हवं होतं. वाड्यातली आठवण खोटी नाही. ती वाड्यातून दिसणारी आहे. म्हणून दोन्ही शेजारीशेजारी ठेवतो आहोत, एकीनं दुसरी पुसायची नाही.

काम करायची पद्धत साधी आहे. शक्यतो माणसाला हौदापाशी घेऊन जायचं, कारण जागा दिसली की आठवणीला धागा मिळतो. मध्ये बोलायचं नाही. पायऱ्या पाच की सात, यावर दोन भाऊ भांडले तर दोघांचंही लिहून घ्यायचं. नाव द्यायचं की नाही, हे सांगणाऱ्यानं ठरवायचं. आणि जे टिपलं ते त्यांना परत ऐकवायचं. आजींना ऐकवलं तेव्हा त्यांनी मला थांबवलं. मी टिपणात 'बादली' लिहिलं होतं. "बादली नंतर आली. कळशी लिही."

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता आपण हौदापाशी जमतो आहोत. घरातल्या वडीलधाऱ्यांना खुर्ची घेऊन बसवू, सावली आहे तिथे. पलीकडच्या गल्ल्यांतही मी स्वतः जाऊन निरोप दिला आहे. माळ्यावर जुनी घागर, कळशी, पोहरा असेल तर घेऊन या. चिंच लावून घासू मात्र नका. पोचे आणि डाग आहेत तसे राहू द्या, आपल्याला त्यांचे फोटो काढायचे आहेत.