स्पाइक दिसला की लगेच फिल्टर नको

तापमानाच्या आलेखात मध्येच एक सुळका दिसला की बहुतेक जण आधी सॉफ्टवेअर उघडतात आणि सरासरी लावून मोकळे होतात. आलेख छान दिसतो, रिपोर्टही सुटतो. पण सरासरीने सुळका जात नाही, आजूबाजूच्या रीडिंगमध्ये वाटला जातो, आणि वर पुरावा पुसला जातो तो वेगळाच. माझा आग्रह एवढाच, की स्पाइक सेन्सरकडून येतोय, वायरमधून की सेन्सरचं व्होल्टेज वाचून संगणकाला देणाऱ्या कार्डातून, हे आधी ठरवा.

त्याला ऑसिलोस्कोपच (व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) हवा असं नाही. सेन्सरच्या वायरी टर्मिनलवरून काढा, तिथेच तारेच्या तुकड्याने प्लस-मायनस शॉर्ट करा आणि ग्राउंडला जोडा. तरीही स्पाइक येतोय? मग कार्ड, त्याचा सप्लाय किंवा अर्थिंग बघा. थांबला, तर वायर परत जोडा आणि सेन्सरच्या टोकाला शॉर्ट करा. आता पुन्हा आला तर वायरच तो गोळा करतेय.

रेंजही तपासा, हे फार जण विसरतात. के टाइप थर्मोकपल, म्हणजे दोन धातूंच्या तारांचा तापमान सेन्सर, अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतं. १६ बिटचं कार्ड ±१० व्होल्टवर ठेवलं तर त्याची एक पायरी, म्हणजे त्याला कळणारा सर्वांत लहान फरक, होते सुमारे ३०५ मायक्रोव्होल्टची, म्हणजे सात अंशांहून जास्त! पायरी एकने हलली तरी पडद्यावर भट्टी उसळलेली दिसते, आणि बिचारा ऑपरेटर हीटर तपासत बसतो.

वायरवर संशय असेल तर घड्याळ बघा. स्पाइक नेमका कॉन्टॅक्टर (हीटर-मोटर चालू-बंद करणारा, कॉइलवर चालणारा स्विच) सुटतानाच येतो का? कॉइलचा प्रवाह एकदम तुटला की २४ व्होल्टच्या कॉइलवरही शेकडो व्होल्ट उठतात. डीसी कॉइल असेल तर तिच्यावर उलटा डायोड टाका. कॉन्टॅक्टर किंचित उशिरा सुटेल, हे मात्र लक्षात ठेवा. एसी कॉइलला डायोड चालत नाही, तिथे आरसी स्नबर, म्हणजे रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी. सिग्नलची वायर मोटर ड्राइव्हच्या केबलसोबत एकाच ट्रेमधून नेली असेल तर ती आधी वेगळी करा.

स्पाइक ठरावीक चॅनेललाच येत असेल तर गोष्ट निराळी. बऱ्याच कार्डांत एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) एकच असतो आणि मल्टिप्लेक्सर त्याला पाळीपाळीने चॅनेल जोडून देतो. समजा आधीच्या चॅनेलवर ९ व्होल्ट होते, तर ते आतल्या कपॅसिटरवर उरलेले असतात. पुढच्या सेन्सरचा इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा अडथळा) जास्त असेल तर ते वेळेत उतरत नाहीत आणि शेजाऱ्याचं भूत तुमच्या रीडिंगमध्ये येतं. स्कॅनचा वेग कमी करून बघा. स्पाइक लहान झाला तर चोर सापडला. मग मध्ये ग्राउंड केलेलं एक चॅनेल घाला किंवा सेन्सरनंतर बफर, म्हणजे तेच व्होल्टेज कमी इम्पिडन्सने पुढे देणारा अ‍ॅम्प्लिफायर, बसवा. आणि रिकामं चॅनेल उघडं सोडून त्याच्या रीडिंगवरून कार्ड खराब ठरवू नका. उघडं चॅनेल शेजाऱ्याचंच रीडिंग दाखवत बसतं.