सोपाऱ्याची मुंबई का झाली नाही?

मंडळी, मुंबईवर बोलायचं म्हटलं की वक्ता सात बेटांपासून सुरू करतो. कोळीवाडे, मुंबादेवी, पोर्तुगीज, मग राजकन्येच्या लग्नातलं आंदण. हे तुम्हाला तोंडपाठ आहे, म्हणून आज आधी नालासोपाऱ्याला जाऊ.

या बेटांवर ताडामाडाची झाडी आणि कोळ्यांच्या वस्त्या होत्या तेव्हा सोपारा नावाजलेलं बंदर होतं. अशोकाने तिथे लेख कोरवला. त्याचा तुकडा १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना सापडला. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात सोपारा, कल्याण, चौल या तिन्ही बंदरांची नावं आहेत. मुंबईचं नाही. पुढे वाळकेश्वर झालं, माहीमला राजधानी होती असं बखर सांगते. पण पेठ म्हणावी अशी पेठ इथे नव्हती.

बंदर मात्र होतंच. आज ज्याची एवढी तारीफ करतो ते खोल, आडोशाचं पाणी अशोकाच्या काळीही इथेच होतं. म्हणजे नुसती जागा चांगली असून भागत नाही. माझं म्हणणं असं की शेजारच्या कुणाचा तरी धंदा बसावा लागतो, तेव्हा आपली पेठ उठते. सोपाऱ्याची खाडी गाळाने भरली. वसई १७३९ साली चिमाजी अप्पांनी घेतली. नाशिकची नारोशंकराची घंटा त्याच मोहिमेतली, म्हणून आपला ऊर भरून येतो, आणि यावाही. पण हिशेब बघा. उत्तर कोकणातला पोर्तुगीज संपला आणि इंग्रजांचा शेजारचा स्पर्धक आपोआप गेला. मराठ्यांच्या धाकाने मुंबईच्या व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपये वर्गणी काढली आणि कोटाभोवती खंदक खणवला. स्वतःच्या खिशातून खंदक खणणारा व्यापारी गाव सोडून जात नाही.

खरी गोष्ट सुरतेची. ईस्ट इंडिया कंपनीने १६६८ साली मुंबई वर्षाला १० पौंड भाड्याने घेतली, तेव्हा तिचं मुख्य ठाणं सुरतेत होतं. शिवाजी महाराजांनी सुरत १६६४ मध्ये लुटली, १६७० मध्ये पुन्हा. सुरत काही लगेच मेली नाही, पण सावकाराच्या पोटात गोळा आला तो आलाच. मुंबईचा गव्हर्नर जेरल्ड अँजियर याने हे अचूक हेरलं. यांना हे द्या, त्यांना ते द्या, असं करत त्याने माणसं गोळा करायला सुरुवात केली.

दीवचा एक बडा व्यापारी होता, निमा पारेख. १६७७ मध्ये मुंबईत यायला तयार झाला, पण आधी लेखी अटी घातल्या. घर-वखारीला जागा फुकट, आपला धर्म पाळायला पूर्ण मोकळीक, आणि आपल्या आवारात कुणा इंग्रजाने, पोर्तुगिजाने किंवा मुसलमानाने राहायचं नाही, कुठल्याही जिवाची हत्या करायची नाही. कंपनीने मान्य केलं! शाकाहाऱ्यांच्या सोसायटीवरून आपल्याकडे भांडणं होतात ना, त्याची मुळं अशी साडेतीनशे वर्षं जुनी आहेत. (हशा)

१६८७ साली कंपनीचं मुख्य ठाणंच मुंबईला आलं. १७३६ मध्ये सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया हा पारशी जहाजबांधणारा काही सुतार घेऊन आला. त्याच्या घराण्याने इथल्या गोदीत सागवानी जहाजं बांधली. इंग्लंडात ओकचा तुटवडा, इथे मलबारचा साग. १८१७ साली पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं आहे. सुरतेचं कसब, मलबारचं लाकूड, आणि नाव मुंबईचं.

बेटं जोडणारे बांध, भराव, गव्हर्नर हॉर्नबीने घातलेला वेलार्ड नावाचा बांध या कामांना नंतर जोर आला. पैसा आधी आला, जमीन मागून.

हे काही मुंबईचंच वैशिष्ट्य नाही. १५८५ साली स्पॅनिश फौजांनी अँटवर्प घेतलं, तिथले व्यापारी, कारागीर उत्तरेला पळाले आणि ॲमस्टरडॅमचं भाग्य उघडलं. टोकियोचं जुनं नाव एडो. तिथे तर शोगुनाने, म्हणजे तिथल्या लष्करी सत्ताधीशाने, १६३५ पासून कायदाच केला की सरदारांनी वर्षाआड येऊन राहायचं आणि बायकामुलं कायम तिथेच ठेवायची. खर्च प्रांतांचा, झगमगाट राजधानीचा.

पुन्हा मुंबई. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडकला, आणि मँचेस्टरच्या कापडगिरण्यांचा पैसा इथे ओतला गेला. १८६४ च्या मोजणीत मुंबईत ८ लाख १६ हजार माणसं भरली. १८६५ ला युद्ध संपलं, शेअरबाजार कोसळला, आणि १८७२ ला तीच मोजणी ६ लाख ४४ हजारांवर आली. शहर नेहमी वाढतंच असं समजणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवावेत.

त्यातून शहर सावरलं ते गिरण्यांवर, आणि गिरण्या चालल्या कोकणावर आणि घाटावर. रत्नागिरीतला गडी गावमंडळाच्या खोलीत पथारीपुरती जागा धरायचा, खानावळीत जेवायचा, मनीऑर्डर करायचा. बायको गावी भाताचं खाचर आणि म्हातारी माणसं सांभाळायची. गिरणीमालकाला कामगाराचं कुटुंब पोसायला लागत नव्हतं. ते कोकणातलं खाचर पोसत होतं. हा हिशेब कुठल्याच ताळेबंदात आला नाही. पाण्याचंही तेच. तानसा, भातसा दोन्ही शहापूर तालुक्यात, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी गावंही त्याच तालुक्यात.

एकांनी चिठ्ठी पाठवली आहे: ‘मग मुंबईच्या पडतीवर कोण वाढलं?’ चांगला प्रश्न आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसत गेल्या. लालबाग-परळला टॉवर उभे राहिले ते आपण पाहिले. विणकामाने मात्र खाडीपलीकडे भिवंडीच्या यंत्रमागांवर बस्तान बसवलं. १९८९ मध्ये न्हावा-शेवा सुरू झालं आणि मुंबई बंदरातले कंटेनर तिकडे गेले. आता डहाणूजवळ वाढवणला त्याहून मोठं बंदर उभं राहतं आहे. तिथले मच्छीमार विरोधात उभे आहेत, कारण या खेपेला धंदा बसणार तो आपला, हे त्यांनी आधीच ओळखलं आहे.