खोताच्या खळ्यापासून कौन्सिल हॉलपर्यंत

(दादर, ६ डिसेंबर. पहाट.)

रांग शिवाजी पार्काला वळसा घालून गेली आहे. डोक्यावर बोचकं, कडेवर पोर. कॅमेरे दरवर्षी इथे येतात. बातमीत गर्दी दिसते, वळवलेली वाहतूक दिसते, हातात संविधान घेतलेला पुतळा दिसतो. ‘घटनेचे शिल्पकार’ एवढं म्हणून बातमी संपते. कुळांचे आणि गिरणी कामगारांचे बाबासाहेब त्यात येतच नाहीत.

(अलिबागचा खारेपाट. कापणी झालेली भातखाचरं, सारवलेलं खळं.)

ते इथे भेटतात. कोकणात सरकार आणि शेतकरी यांच्या मधे खोत बसलेला होता. सारा तोच वसूल करायचा. हे खळं बघा. भात झोडून रास पडली की खोताचा माणूस माप घेऊन हजर. त्याचा वाटा आधी निघायचा, उरेल ते कुळाचं. वर वेठ वेगळी. १९३३ साली चरी आणि आसपासच्या गावांनी ठरवलं, खोताची जमीन कसायची नाही. नारायण नागू पाटील पुढे होते. शेतं वर्षानुवर्षं पड राहिली. लोकांनी डोंगरातली लाकडं विकून दिवस काढले, पण नांगर धरला नाही.

(जुनी छायाचित्रं.)

१९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. पुढच्याच वर्षी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक त्यांनी मांडलं. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले हजारो शेतकरी कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन आले. कुणबी आणि महार एकाच मोर्चात. महिन्याभराने मनमाडला रेल्वे कामगारांना त्यांनी दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही.

(पुन्हा दादर. पुस्तकांचा स्टॉल.)

हे बाबासाहेबांचं ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’, १९४७ चं. घटना समितीपुढे ठेवण्यासाठी लिहिलेलं. शेतजमीन राज्याच्या मालकीची, गावाने ती मिळून कसायची. जमीनदार नाही, कूळ नाही, भूमिहीन मजूरही नाही. पायाभूत उद्योग सरकारचे. विमा प्रत्येक प्रौढाला सक्तीचा. आणि हे सगळं घटनेतच लिहायचं, उद्याच्या बहुमताच्या मर्जीवर सोडायचं नाही.

घटनेत ते आलं नाही. खोती रद्द करणारा कायदा १९४९ साली झाला.

(स्टॉलवरचे हात.)

या आजोबांनी तसबीर घेतली, पिशवीत ठेवली. मग हे पुस्तक उचललं. पानं चाळत ते जमिनीच्या कलमापाशी थांबले आहेत.