व्हाइसरॉयचा व्हायकाउंट झाला त्याची गोष्ट

मंडळी, सुरुवात नावापासूनच करतो. इंग्लंडमध्ये वेब्रिजला व्हिकर्स कंपनीने हे विमान आखायला घेतलं, तेव्हा त्याचं नाव ठरलं होतं ‘व्हाइसरॉय’. म्हणजे आपल्याकडचाच, दिल्लीत बसणारा. मग 1947 उजाडलं. पदच उरलं नाही, तर नाव कसलं उरतंय? पुन्हा बारसं झालं आणि व्हाइसरॉयचा ‘व्हायकाउंट’ झाला. ही तिकडच्या सरदारकीतली एक मधली पायरी. गंमत अशी, की ज्या देशापायी नाव बदलावं लागलं, त्याच देशाच्या इंडियन एअरलाइन्समध्ये हे विमान 1957 साली दाखल झालं.

त्याआधी आपल्याकडे विमानप्रवास म्हणजे मुख्यतः डाकोटा. पिस्टन इंजिनांची धडधड अशी, की उतरल्यावरही कानात घुमत राहायची. केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नाही, त्यामुळे फार उंच जाता येत नसे. पावसाळ्यात सह्याद्री ओलांडायचा तो ढगांतून गचके खातच. व्हायकाउंटची केबिन दाबबंद होती. ते ढगांच्या वर निघून जायचं, आणि मोठ्या लंबगोल खिडक्यांतून प्रवाशाला खालचे ढग दिसायचे.

खरी करामत मात्र इंजिनाची. रोल्स-रॉइसचं डार्ट, अशी चार. जातीने हे जेटच, पण मागे झोत फेकून विमान ढकलण्याऐवजी टर्बाइनची, म्हणजे गरम वायूच्या झोताने फिरणाऱ्या चाकाची, बहुतेक ताकद पुढचा पंखा (प्रोपेलर) फिरवायला लावलेली. आतला रोटर मिनिटाला सुमारे 15,000 फेरे घेतो, गिअरमधून पंख्यापर्यंत येताना त्याचे 1,400च्या आसपास राहतात. वर-खाली हापसणारं काहीच नाही, सगळं गोल फिरणारं. म्हणून थरथर नाही. प्रवासी समोरच्या टेबलावर नाणं कडेवर उभं करून बघायचे आणि ते उभं राहायचं! माझ्या मते कंपनीच्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा या नाण्याने जास्त विमानं विकली.

तसं सुरुवातीला गिऱ्हाईक नव्हतंच. 16 जुलै 1948 ला पहिलं विमान उडालं, मट समर्स पायलट. पण जागा फक्त 32. ब्रिटिश युरोपियन एअरवेजने, म्हणजे बीईएने, आधीच दुसऱ्या कंपनीचं पिस्टनवालं अँबॅसेडर पसंत केलं होतं. व्हिकर्सचे मुख्य डिझायनर जॉर्ज एडवर्ड्स काही हटले नाहीत. 29 जुलै 1950 ला तेच छोटं विमान लंडनच्या नॉर्थोल्टहून पॅरिसला गेलं. तिकीट काढलेले प्रवासी 14, बाकी पाहुणे. टर्बाइनवर चालणारी जगातली ही पहिली नियमित प्रवासी फेरी. लोक कॉमेट या ब्रिटिश जेट विमानाचं नाव घेतात. कॉमेटची फेरी 1952 ची. पुढे विमान लांब केलं, इंजिनं दमदार बसवली, आणि 18 एप्रिल 1953 पासून बीईएची कायमची सेवा सुरू झाली. पहिला मार्ग रोम, अथेन्स करत सायप्रसपर्यंत.

मग मागणीची रीघ लागली. एअर फ्रान्स, एअर लिंगस, ऑस्ट्रेलियाची टीएए. ट्रान्स-कॅनडाने तिकडच्या थंडीसाठी ढीगभर बदल करून घेतले. अमेरिकेच्या कॅपिटल एअरलाइन्सने तर 60 विमानं मागवली. प्रवासी खूश, पण कर्जाचे हप्ते फिटेनात. 1961 मध्ये ती कंपनी युनायटेड एअरलाइन्समध्ये विलीन झाली. विमान चांगलं असून चालत नाही, हिशेबही उडावा लागतो! एकूण सुमारे 445 व्हायकाउंट झाली. आपल्याकडे 1964 मध्ये कॅरव्हेल जेट आलं आणि त्यांचा रुबाब ओसरला.

माझं वय आडवं आलं, व्हायकाउंटवर मला काम करता आलं नाही. पण डार्टवर केलंय. कानपूरला तयार झालेल्या ॲव्ह्रो विमानाला हेच इंजिन होतं. मे महिन्याच्या भर दुपारी हवा विरळ होते, ताकद पडते. तेव्हा उड्डाणाला इंजिनात पाणी-मिथेनॉलचं मिश्रण सोडायचं. आणि इंजिन बंद केलं की आम्ही पंख्याजवळ कान देऊन उभे राहायचो. ती शीळ हळूहळू खाली येत, कुठेही न अडखळता विझली पाहिजे. मध्येच खरखर आली, तर आत काहीतरी घासतंय.

तो आवाज मी टेप करून ठेवलाय. आता लावतो. मागच्या बाकांवरच्यांनी जरा पुढे या.